काळाचे आकलन आणि स्मृतीचे स्वरूप : नाणेघाट व माळीण यांच्या संदर्भात

पाहण्यासाठी डोळा आणि ऐकण्यासाठी कान असला, तरी काळ जाणण्यासाठी मानवाला स्वतंत्र इंद्रिय लाभलेले नाही. बदल, क्रम व आठवण यांच्या आधारे मेंदू काळाची रचना करतो. एन्डेल टुल्विंग यांनी १९७२ मध्ये अर्थस्मृती आणि प्रसंगस्मृती असा भेद मांडला. पहिलीत माहिती टिकते; दुसरीत ती केव्हा व कोठे अनुभवली, हेही टिकते. जुन्नर-आंबेगाव परिसरातील दोन स्मृतींच्या वाचनास हा भेद उपयुक्त ठरतो.

नाणेघाटातील सातवाहनकालीन लेख हा प्रामुख्याने अर्थस्मृतीचा नमुना होय. राणी नागनिकेशी निगडित या लेखात यज्ञांची नावे आणि दक्षिणेतील गायी व कार्षापणे यांच्या संख्या आहेत. यज्ञाचे दिवस कसे गेले, हे त्यात नाही. राजकुलाच्या मूर्ती नष्ट झाल्या. त्यांवरील नावे मात्र उरली. महिनाभराच्या उपवासाचा उल्लेख तेवढा जगलेल्या काळाची चाहूल देतो. लेखाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा दोन्ही येथेच दिसतात.

आंबेगाव तालुक्यातील माळीण येथे ३० जुलै २०१४ रोजी सकाळी दरड कोसळून १५० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. नेहमीच्या फेरीवरील एस. टी. चालकाला गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा वार्ता बाहेर पोहोचली. अशा आपत्तीतून वाचलेल्यांना काही क्षण फार दीर्घ वाटल्याचे आठवते. डेव्हिड ईगलमन व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्वयंसेवकांना ३१ मीटर उंचीवरून जाळीत सोडण्यात आले. स्वतःचे पडणे त्यांना इतरांच्या पडण्यापेक्षा सुमारे ३६ टक्के दीर्घ वाटले. परंतु मनगटावरील झरझर बदलणारे अंक त्यांना अधिक स्पष्ट वाचता आले नाहीत. म्हणजे त्या क्षणी काळ मंदावत नाही. भयाने दाट झालेली स्मृती तो मागाहून लांबविते.

यावरून असे म्हणता येईल की, आपद्ग्रस्ताचे कथन घड्याळाशी जुळत नाही म्हणून ते खोटे ठरविणे अन्यायाचे आहे. त्यास घड्याळाची नोंद मानणेही तितकेच अयोग्य आहे. पंचनाम्यात मृतांची संख्या राहील, जशी शिलेवर गायींची राहिली. माळीणच्या स्मृतीत जगलेला काळही टिकावयाचा असेल, तर वाचलेल्यांची कथने त्यांच्याच क्रमाने व त्यांच्याच बोलीत नोंदविली जाणे अगत्याचे आहे.