‘शेक’ या शब्दाची तपासणी

कर्करोगावरील किरणोपचारांना बोलीभाषेत ‘शेक’ म्हणतात. वर्गातही ‘किरण गाठ जाळून टाकतात’ असे सांगून आपण मोकळे होतो. हे वर्णन कितपत खरे आहे, ते एका हिशेबाने पाहू. एका दिवसाची नेहमीची मात्रा साधारण २ ग्रे, म्हणजे दर किलोमागे २ ज्यूल. १ किलो पाणी १ अंशाने तापवायला सुमारे ४,२०० ज्यूल लागतात. तेव्हा गाठीचे तापमान वाढेल ते अंशाच्या दोन हजाराव्या भागाइतकेच! घोटभर चहातून शरीराला याहून कितीतरी अधिक उष्णता मिळते.

मग पेशी मरतात कशा? क्ष-किरण अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतात आणि त्यातून डीएनएचे धागे तुटतात. अशी पेशी बहुधा विभाजनाच्या वेळी मरते. निरोगी पेशी ही मोडतोड अधिक चांगली दुरुस्त करतात. म्हणून मात्रा थोडी थोडी, कित्येक आठवडे देतात. विभागून दिल्यास त्वचा वाचते, हे पॅरिसमध्ये क्लॉद रगो यांनी १९२० च्या दशकात एडक्यांवरील प्रयोगांत दाखवले.

‘शेक’ शब्द अगदीच निराधार नाही. उपचारांत त्वचा लाल होते, कधी सोलवटतेही. पण तीही पेशींच्या हानीमुळे, तापल्यामुळे नव्हे. शब्दाचा खरा तोटा पुढेच आहे. गाठ जळून गेली असे वाटले, की उरलेल्या खेपा टाळाव्याशा वाटतात. त्या खंडात शिल्लक कर्कपेशी पुन्हा वाढतात. बोलीत शब्द राहो. वर्गात मात्र वरील हिशेब फळ्यावर मांडावा, असे आम्ही सुचवतो.