अर्धा निळा, अर्धा पांढरा

ब्लॅकबर्न रोव्हर्सची जर्सी पाहायची तर आधी तिच्या मधोमध उतरणाऱ्या उभ्या रेषेपाशी थांबावे. गळ्याखालून निघून ती सरळ कमरेपर्यंत जाते. तिच्या एका अंगाला गडद निळा रंग, दुसऱ्या अंगाला शुभ्र पांढरा. पट्टे नाहीत, चौकडी नाही, एका रंगातून दुसऱ्यात विरघळत जाणारी छटा नाही. दोन सलग रंग शेजारी उभे आहेत आणि त्यांच्या मधे फक्त एक शिवण आहे. खेळाडू स्थिर असतो तेव्हा हे दोन अर्ध तोलून धरल्यासारखे दिसतात. तो धावू लागला, खांदा वळला, कंबर मुरडली की कधी निळा पुढे सरतो, कधी पांढरा, आणि मैदानाच्या कडेने पाहणाऱ्याला क्षणभर असा भास होतो की या अंगाने गेला तो एक खेळाडू आणि त्या अंगाने परतला तो दुसराच. २०११-१२च्या हंगामात इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये नेहमीप्रमाणे वीस संघ होते, आणि घरच्या मैदानावर मिरवायच्या त्या वीस जर्सींमध्ये अशी उभी दुभागलेली ही एकच.

तो हंगाम रसास्वादासाठी निवडण्याचे कारणही याच जर्सीत आहे. १८७५ साली स्थापन झालेला हा क्लब नोव्हेंबर २०१०मध्ये पुण्याच्या वेंकीज समूहाने विकत घेतला, आणि पुणेकरांच्या मालकीखाली तो आरंभापासून अखेरपर्यंत खेळला असा पहिला हंगाम २०११-१२चा. त्याच ऑक्टोबरमध्ये हा संघ पुण्याला आला आणि बालेवाडीच्या मैदानावर पुणे एफसीशी प्रदर्शनी सामना खेळून ३-० असा जिंकून गेला. मालकीचा व्यवहार, त्यावरून तिकडे पेटलेला चाहत्यांचा रोष, हे सारे क्रीडापत्रकारांनी भरपूर लिहिले आहे. आपण कापडापाशीच राहू. कारण जालन्याच्या माणसाला या जर्सीचे नाते पुण्याच्याही मागे, थेट काळ्या मातीपर्यंत नेता येते.

ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधले विणकरांचे गाव. तिथल्या मागांवर जे कापड निघे त्यातला मोठा वाटा धोतरांचा होता, रंगीत किनारीची धोतरे, आणि ती विणली जात हिंदुस्थानच्या बाजारासाठी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला, गिरण्या थंडावल्या, तेव्हा लँकेशायरची नजर आपल्याकडे वळली. वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबई बंदरातून बोटींत चढू लागला आणि त्या पैशाने मुंबईत सट्ट्याची लाट उसळली. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात, पण माती तीच आणि पीकही तेच. याच गावात १९६४मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली आणि पुढे बियाण्याच्या व्यापारात जालन्याचे नाव देशभर झाले. कपाशीचे बोंड फुटते तेव्हाचा तो पांढरा, वेचणी करणाऱ्या बाईच्या ओटीत साचत जाणारा, सरकीला घट्ट बिलगून असलेला पांढरा ज्यांनी रोज पाहिला आहे, त्यांना ब्लॅकबर्नच्या जर्सीचा पांढरा अर्ध केवळ रंग म्हणून पाहता येत नाही. एका गावाने पिकवले, दुसऱ्याने विणले, आणि विणलेले पुन्हा पहिल्याच मुलखात नेसायला आले. या फेऱ्यात कोणाचे किती गेले आणि कोणाला किती मिळाले हा हिशेब कडवट आहे. तो विसरून या जर्सीचे सौंदर्य पाहता येत नाही, आणि तो आठवून पाहिले तर ते सौंदर्य अधिकच गहिरे होते.

सप्टेंबर १९३१मध्ये गोलमेज परिषदेसाठी विलायतेला गेलेले गांधीजी मुद्दाम या भागात आले. विदेशी कापडावरच्या बहिष्काराने ज्यांचे माग थांबले होते, त्याच कामगारांच्या वस्तीत, ब्लॅकबर्नशेजारच्या डार्वेनमध्ये ते राहिले. रोव्हर्सचे मैदान, १८९०पासूनचे ईवुड पार्क, ब्लॅकबर्नच्या त्याच डार्वेनकडच्या अंगाला आहे. गिरणीतल्या बायकांच्या हसऱ्या घोळक्यात खादीत गुंडाळलेले गांधीजी, हे त्या भेटीचे छायाचित्र आपण पाहिलेले असते. त्यातल्या कपड्यांकडे पुन्हा एकदा निरखून पाहावे: यंत्रावर कापड विणणाऱ्या हातांच्या गर्दीत हाताने कातलेल्या सुताचे एक वस्त्र. दोन्ही कापूसच, आणि त्यांच्या मधे एका शतकाचा इतिहास.

या गावात फुटबॉल रुजला तो अशाच हातांनी. १८८३मध्ये ब्लॅकबर्न ऑलिंपिक या दुसऱ्याच स्थानिक संघाने एफए कप जिंकला, आणि अंतिम सामन्यात त्याने ज्यांना हरवले ते ईटन या उमरावांच्या शाळेचे माजी विद्यार्थी होते. विजेत्यांत विणकर होते, सूत कातणारा होता, लोखंडाच्या कारखान्यात राबणारे होते. पुढची तीन वर्षे, १८८४ ते १८८६, तोच कप सलग रोव्हर्सकडे राहिला. जर्सीच्या छातीवर जे बोधचिन्ह आहे त्यात लँकेशायरचा लाल गुलाब आहे आणि खाली लॅटिनमध्ये गावाचे ब्रीद, ज्याचा आशय आहे कौशल्याने आणि कष्टाने. निळ्या-पांढऱ्या शीतलतेत तो एवढासा लाल किती नेमका पडतो! २०११-१२मध्ये त्याच छातीवर कुठल्याही व्यापारी मालाचे नाव नव्हते. तरुणांना उभे राहायला मदत करणाऱ्या प्रिन्सेस ट्रस्ट या धर्मादाय संस्थेचे होते. जर्सी शिवणारी अम्ब्रो ही कंपनीही त्याच टापूतली, मँचेस्टरजवळच्या विल्म्सलो गावात हम्फ्रीज बंधूंनी १९२०च्या दशकात उभी केलेली.

आता डोळा इतरांकडे नेऊ. त्या वर्षी आर्सेनलने १२५ वर्षे पूर्ण केली होती. त्यांच्या जर्सीची ओळख म्हणजे लाल धड आणि पांढऱ्या बाह्या. १९३३मध्ये प्रशिक्षक हर्बर्ट चॅपमन यांच्या काळात त्या बाह्या पांढऱ्या झाल्या आणि तेव्हापासून धावणाऱ्या खेळाडूचे हात दुरून वेगळे उमटू लागले, पास मागणारा उंचावलेला हात तर लांबूनही ओळखू येऊ लागला. लाल रंग मात्र उसना. १८८६मध्ये वुलिचच्या शस्त्रागारातल्या कामगारांनी संघ काढला तेव्हा त्यांच्यात नॉटिंगहॅम फॉरेस्टचे काही जुने खेळाडू होते. त्यांच्या शब्दावर फॉरेस्टने लाल सदऱ्यांचा एक संच आणि एक चेंडू पाठवून दिला, आणि तो दिलेला रंग घेणाऱ्याने सव्वाशे वर्षे जिवापाड जपला. शतकोत्तर रौप्यमहोत्सवाच्या जर्सीवर बोधचिन्हाभोवती पानांचे वलय होते. ते पटकन पाहिले तर नुसती नक्षी वाटते. थोडे थांबले की दिसते, एका बाजूची पंधरा पाने लॉरेलची, दुसऱ्या बाजूची पंधरा ओकची. क्लब उभा करण्यासाठी पंधरा जणांनी सहा-सहा पेन्स काढले होते आणि त्या नाण्याच्या पाठीवर लॉरेलची पाने असत. ते जिथे जमत त्या गुत्त्याचे नाव होते रॉयल ओक. भरतकामाच्या इतक्याशा जागेत पंधरा कामगारांची वर्गणी आणि त्यांची बसायची जागा असे दोन्ही मावले आहे. मला त्या हंगामातला हा सर्वांत सुंदर तपशील वाटतो.

पट्ट्यांचा थाट निराळा. न्यूकॅसलचे काळे-पांढरे उभे पट्टे पाहिले की अंगकाठी उंच, ताठ वाटू लागते. क्वीन्स पार्क रेंजर्सचे निळे-पांढरे आडवे पट्टे छातीला रुंदी देतात आणि खेळाडू वळला की धडाभोवती फिरत गेल्यासारखे दिसतात. स्टोक आणि संडरलँड दोघेही लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचे, म्हणून दोघे भेटले की पाहुण्याला आपला रंग घरी ठेवून यावे लागते. पट्ट्यांचा प्रवास किती दूरवर होतो पाहा. इटलीतल्या युव्हेंटसचे गुलाबी सदरे धुऊन धुऊन फिके पडले तेव्हा १९०३मध्ये त्यांनी इंग्लंडहून नवे मागवले, आणि नॉटिंगहॅमहून आले ते नॉट्स काउंटीचे काळे-पांढरे पट्टे. आज जगभर ज्या पट्ट्यांना इटलीचे मानतात त्यांचे माहेर इंग्लंडमधले एक मध्यम आकाराचे शहर आहे.

पांढऱ्याचेही त्या हंगामात अनेक पांढरे होते. टॉटनहॅमचा पांढरा गडद निळ्या चड्डीवर उभा राहून थोडा करारी दिसतो, आणि तोही एका जुन्या विजेत्याला, प्रेस्टनला, मान देऊन घेतलेला. फुलहॅमचा पांढरा काळ्या चड्डीमुळे रेखीव. स्वान्सीचा मात्र नखशिखांत पांढरा. प्रीमियर लीगमध्ये पोचलेला वेल्सचा तो पहिला संघ, आणि ब्रेंडन रॉजर्स यांनी शिकवलेले त्यांचे छोटे छोटे पास हिरव्या गवतावर त्या निर्मळ रंगात असे उमटत की चेंडू कुणाकडून कुणाकडे गेला हे शांतपणे वाचता येई.

वाचता येणे हा जर्सीचा पहिला धर्म आहे, आणि तो मोडला तर काय होते याचे उदाहरण या हंगामाबाहेरचे असले तरी सांगायलाच हवे. १३ एप्रिल १९९६ रोजी मँचेस्टर युनायटेड साउदम्प्टनच्या मैदानावर राखाडी जर्सी घालून उतरले. मध्यंतराला तीन गोल अंगावर होते. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी सगळ्यांना जर्सी बदलायला लावली, कारण राखाडी रंग प्रेक्षकांच्या गर्दीच्या पार्श्वभूमीवर मिसळून जात होता आणि खेळाडूंना मान वर करून आपला सोबती शोधता येत नव्हता. निळ्या-पांढऱ्या रंगात उत्तरार्ध खेळून ते ३-१ने हरले. त्या राखाडीत ते एकूण पाच सामने खेळले आणि एकही जिंकले नाहीत. चेंडू पायाशी असताना खेळाडूला चेहरे पाहायला वेळ नसतो. डोळ्याच्या कोपऱ्यात हललेला रंग पाहून तो पास देतो. म्हणून मैदानावरचा रंग आधी खेळाडूंची आपसातली खूण असतो आणि मग आपल्यासारख्या पाहणाऱ्यांचे सुख.

पोताबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते. जुन्या जर्सी सुती किंवा लोकरी असत. पावसात भिजल्या की जड होत, अंगाला ओढत, आणि त्यांचा रंग ओलाव्याने काळपटत जाई. आता सगळे पॉलिएस्टर. ते घाम बाहेर सोडते, हलके असते, प्रखर दिव्यांत चमकते. आपल्या मुलांच्या अंगावर संध्याकाळी मैदानात जी जर्सी दिसते ती याच धाग्याची, आणि ज्या कापसाने ब्लॅकबर्नच्या मागांना काम दिले तो तिच्यात उरलेला नाही. कपाशीच्या जिल्ह्यात राहून हे लिहिताना थोडे लागते. तरी पॉलिएस्टरने रंगांना जी धार दिली, निळा आणि पांढरा यांच्यामधली शिवण जितकी तीक्ष्ण केली, तितकी सुताला जमली नसती हेही मान्य केले पाहिजे.

आणि सोने! वुल्व्हरहॅम्प्टनच्या संघाची जर्सी जुन्या सोन्याच्या रंगाची, सोबतीला काळा. त्यांच्या शहराचे ब्रीद अंधारातून बाहेर पडणाऱ्या उजेडाचे, आणि दोन्ही रंग त्या ब्रीदाशी जुळलेले. ‘जालना सोने का पालना’ ऐकत वाढलेल्या माणसाला हा रंग पाहताच जवळचा वाटतो. तो लखलखीत पिवळा नाही. त्यात थोडी मातट ऊब आहे, पिढ्यान्पिढ्या वापरलेल्या दागिन्यावर असते तशी. त्या वर्षी वुल्व्ह्ज खालच्या श्रेणीत गेले. ७ मे २०१२ रोजी ईवुड पार्कवर विगनकडून ०-१ हरून ब्लॅकबर्नही गेले, आणि अखेरच्या दिवशी बोल्टन. १८८८मध्ये ज्या बारा क्लबांनी मिळून फुटबॉल लीग सुरू केली त्यांतले हे तिघेही. एकाच वसंतात तीन संस्थापक उतरले. जर्सी मात्र कोणी टाकली नाही; खालच्या श्रेणीतही दुभागलेला निळा-पांढरा तसाच, सोनेरी-काळा तसाच.

त्या हंगामाचा शेवट आकाशी रंगात झाला. १३ मे २०१२ रोजी मँचेस्टर सिटीला विजेतेपदासाठी क्वीन्स पार्क रेंजर्सला हरवायचे होते, आणि निर्धारित वेळ संपली तेव्हा ते १-२ने मागे होते. बरोबरीचा गोल झाला, आणि चौऱ्याण्णवाव्या मिनिटाला सर्जिओ अ‍ॅग्वेरोने तिसरा गोल केला. ४४ वर्षांनी आलेले ते विजेतेपद. पळता पळता त्याने जर्सी अंगातून काढली आणि डोक्याभोवती गरगर फिरवली. आपण असंख्य वेळा पाहिलेल्या त्या दृश्यात कापडाकडे पाहा: अंगावर असताना जे शरीराचा आकार घेऊन होते ते सुटताच वाऱ्याचा आकार घेते, घड्या उलगडतात, आणि स्टेडियमच्या गजबजाटात फिकट निळ्याचा एक भोवरा फिरू लागतो.

तोच फिकट निळा पुढे आपल्या दारी आला. २०१४मध्ये सुरू झालेल्या मुंबई सिटी एफसीमध्ये २०१९च्या नोव्हेंबरात मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने ६५ टक्के हिस्सा घेतला, आणि अंधेरीच्या मैदानावरचा आकाशी रंग मँचेस्टरच्या आकाशीचा भाऊ झाला. १३ मार्च २०२१ रोजी गोव्यात फातोर्ड्याला इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना एटीके मोहन बागानविरुद्ध १-१ असा अडलेला होता. नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला, आणि अखेरच्या क्षणी जिंकण्याची मँचेस्टरची ती रीत मुंबईनेही उचलली.