हस्तर आणि नाचणीचं पीठ

राही अनिल बर्वेचा 'तुंबाड' (२०१८) तिसऱ्यांदा पाहताना माझं लक्ष हस्तरपेक्षा पिठाकडे जास्त होतं. तुंबाड नावाचं गाव खरंच आहे, खेड तालुक्यात. पोलादपूरहून कशेडी घाट ओलांडला की आलाच तो मुलूख. ज्याला सोनं मिळालं पण धान्य मिळालं नाही असा देव, आणि त्याला भुलवायला कणकेची बाहुली. हा नियम मला लगेच पटला. तिठ्यावर उतारा म्हणून ठेवलेल्या दहीभाताला वळसा घालतच आम्ही शाळेत जायचो.

खटकली ती कणीक. आमच्याकडे खाली भात, वर वरकस जमिनीत नाचणी आणि वरी. नाचणीच्या पिठाला चिवटपणा नसतो, गरम पाण्याशिवाय भाकरी धड थापता येत नाही, बाहुली कुठली उभी राहणार! (सरकारांच्या वाड्यात गहू विकत येत असेल, मान्य.)

सिनेमा विनायकला लोभी ठरवून मोकळा होतो. तो मुद्रांसाठी पुण्याहून गावी येतो. माझे आजोबा उलट पैशासाठी गाव सोडून मुंबईच्या गिरणीत गेले. मनीऑर्डर यायची, वरकस पडीक राहायची. त्यांना लोभी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सुट्टी संपवून ते परत निघाले की आजी पिशवीत नाचणीचं पीठ बांधून द्यायची.