मारामारीला अट हवी

मराठी ऐतिहासिक चित्रपटात अलीकडं उगारलेली तलवार खाली यायला फार वेळ लागतो. ‘फर्जंद’ (2018) नंतर हा संथ गतीचा सोस वाढतच गेला. त्यातून, मराठीत खरी ॲक्शन आत्ता कुठं आली, असं कौतुकही कानावर येतं. मला ते मान्य नाही. ती 1987 ते 1993 या काळातच आली होती आणि महेश कोठारे यांनी आणली होती. समीक्षकांनी त्या चित्रपटांवर विनोदी असा शिक्का मारला आणि त्यांतल्या हाणामारीची बांधणी कधी तपासलीच नाही.

‘दे दणादण’ (1987) घ्या. त्यातल्या नायकाला, लक्ष्याला, मारुतीच्या कृपेनं अचाट ताकद मिळते, पण लाल रंग दिसला की ती जाते. एवढ्या एका अटीनं पुढची प्रत्येक मारामारी धोक्याची होते. आपण ठोसे बघत नाही, कुठून लाल कापड तर पुढं येत नाही ना, हे बघत राहतो. ‘झपाटलेला’ (1993) मध्ये ही रीत आणखी पक्की झाली. मंत्राच्या जोरावर बाहुल्यात शिरलेल्या तात्या विंचूला माणसाचं शरीर हवंय. पण आपलं गुपित त्यानं ज्याला सगळ्यांत आधी सांगितलं, त्याचंच चालणार, म्हणजे लक्ष्याचंच. तात्याला मारायचं तर गोळी दोन भुवयांच्या मधोमध बसायला हवी. बीज ‘चाइल्ड्स प्ले’ (1988) या हॉलिवूडपटाचं, हे उघड आहे. तरी रामदास पाध्ये यांचा बाहुला दिलीप प्रभावळकर यांच्या आवाजात बोलू लागला की तो इथलाच होतो. शेवटी इन्स्पेक्टर पिस्तूल रोखतो तेव्हा समोर हातभर बाहुला असतो आणि नेम धरायचा असतो बोटभर जागेवर. श्वास अडकतो तो त्या बोटभर जागेमुळं.

टकलू हैवान, कवट्या महाकाळ, तात्या विंचू ही कोठाऱ्यांच्या खलनायकांची नावं आमच्याकडं, नारायणगाव-मंचर भागात, लगेच रुजली. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक जत्रेची सुपारी द्यायला येतात. वगातल्या खलनायकाला नावावरच निम्मी दाद मिळते, हे तिथल्या प्रेक्षकाला ठाऊक असतं. कोठाऱ्यांनाही ते ठाऊक होतं.

‘लय भारी’ (2014) म्हणजे दक्षिणेकडून उसनं आणलेलं अवसान. कोठाऱ्यांचा खरा वारसा पुढं नेला तो ‘मुळशी पॅटर्न’नं (2018). जमीन विकलेल्या घरातला पोरगा एकदा कोयता हातात घेतो आणि मग परतीची वाट उरत नाही. तिथंही अट आहे, ती पाळली जाते आणि तिची किंमत वसूल होते.

मंचरच्या पट्ट्यात वेग म्हणजे काय, हे कुणाला शिकवावं लागत नाही. बैलगाडा शर्यतीच्या घाटात पुढं घोडी, मागं चार बैल आणि काही सेकंदांत बारी संपलेली. चावंड किल्ल्याच्या कातळातल्या अरुंद पायऱ्यांवर रिकाम्या हातानंसुद्धा आम्ही पाऊल जपून टाकतो. अशा प्रेक्षकाला संगणकावर रंगवलेले कडे आणि हवेत तरंगणारे मावळे दाखवणं हा त्याच्या जाणतेपणाचा अपमान आहे.

इतिहास पवित्र आहे, त्याला मसालापटाचे नियम लावू नका, असं यावर सांगितलं जातं. अहो, अटी तर इतिहासानंच घातल्यात! कोंडाजी फर्जंद पन्हाळ्यावर गेले ते साठ मावळ्यांनिशी. बाजीप्रभूंनी खिंड धरली ती विशाळगडावरून तोफा होईपर्यंत. यापेक्षा कडक अट कोणता पटकथाकार रचणार? तरीही ‘पावनखिंड’मध्ये (2022) पार्श्वसंगीत थांबत नाही, घोषणा थांबत नाहीत आणि तोफेची वाट बघायला आपल्याला क्षणभराची शांतता मिळत नाही. माणूस मरू शकतो, हेच पडद्यावर जाणवलं नाही तर त्याचं शौर्य जाणवणार कसं? भक्तीच्या नावाखाली आपण बाजीप्रभूंच्या अंगावरच्या जखमा हलक्या करतोय.

पुढचा ऐतिहासिक चित्रपट काढणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: खिंड किती अरुंद आहे ते आधी दाखवा, किती माणसं उरली ते कळू द्या, आणि तलवार आहे त्या वेगानं चालू द्या.