मालगुडी : आमच्या शेजारचे गाव

दूरदर्शनवरची मालिका हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न दिवाळी अंकाच्या चोखंदळ वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. कथा-कादंबरी कपाटात राहते, नाटकाची संहिता राहते. मालिका मात्र आली तशी जाते, असा आपला समज. माझे म्हणणे असे, की ज्या कलाकृतीने एका पिढीचे कान आणि डोळे घडवले, तिचा हिशेब कधीतरी मांडलाच पाहिजे. 'मालगुडी डेज' ही मालिका १९८६ साली दूरदर्शनवर सुरू झाली, तेव्हा मी बेळगावच्या एका मराठी शाळेत तिसरीत होतो. आता पन्नाशी जवळ आली, तरी त्या मालिकेवरचे प्रेम ओसरलेले नाही. नुसत्या बालपणीच्या आठवणींचे प्रेम असते, तर ते मनातच ठेवले असते. पण दर चार-पाच वर्षांनी मी ती पुन्हा पाहतो आणि दर वेळी काहीतरी नवे हाती लागते. हे ज्या कलाकृतीच्या बाबतीत घडते, ती कलाकृती समीक्षेला पात्र आहे, असे मी मानतो.

प्रथम मालिकेची कुळकथा पाहू. मूळ लेखक आर. के. नारायण, मातृभाषा तमिळ, वास्तव्य म्हैसूरचे, लेखन इंग्रजीत. १९३५ सालच्या 'स्वामी अँड फ्रेंड्स' या पहिल्या कादंबरीत त्यांनी मालगुडी नावाचे काल्पनिक गाव वसवले आणि जन्मभर त्या गावाची वेस सोडली नाही. दिग्दर्शक शंकर नाग. होन्नावरकडचे, घरची भाषा कोकणी, कीर्ती कन्नड पडद्यावरची. नटसंचात कन्नड रंगभूमीवरची माणसे मुबलक. संगीत एल. वैद्यनाथन यांचे. चित्रे नारायणांचे धाकटे बंधू आर. के. लक्ष्मण यांची, म्हणजे ज्यांचा 'कॉमन मॅन' मुंबईच्या वर्तमानपत्रातून आपल्या घराघरांत पोहोचला होता त्यांची. आणि या सगळ्यांनी मिळून मालिका केली ती हिंदीत! कुठल्याही एका भाषेने 'ही माझी' म्हणून सातबाऱ्यावर नाव चढवावे, अशी सोय या मालिकेत नाही. माझ्या मते तिच्या थोरवीचे मूळ इथेच आहे, आणि आम्हा सीमाभागातल्या मुलांना ती इतकी जवळची का वाटली, त्याचे उत्तरही इथेच सापडते.

१९८६ हे साल बेळगावकर विसरू शकत नाही. त्या वर्षी जूनमध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलन झाले, गोळीबार झाला, माणसे हुतात्मा झाली. मोठी माणसे हळू आवाजात बोलत. भाषा म्हणजे जीव जाऊ शकेल अशी गोष्ट आहे, हे आम्हा पोरांना पाटीवरच्या अक्षरांबरोबरच कळले. आणि त्याच साली एका कन्नड दिग्दर्शकाची मालिका आमच्या घरात आली. माझे आजोबा सीमालढ्यातले कट्टर; पण मालगुडीचे सूर सुरू झाले, की त्यांची खुर्ची टीव्हीसमोर सरके. शेजारच्या कन्नड घरातल्या अज्जी आमच्या आजीशेजारी चटईवर येऊन बसत. आमची 'आजी' आणि त्यांची 'अज्जी', एवढ्याच अंतरावरून दोघी स्वामीच्या खोड्यांना हसत. यात विसंगती आहे, असे त्या घरात कुणाला वाटल्याचे मला आठवत नाही. सीमाप्रश्नावरचे माझे मत आजोबांहून वेगळे नाही. म्हणूनच हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो : ज्या सत्तेशी भांडण, तिच्याच मुलखातून आलेली ही कलाकृती आम्हाला परकी का वाटली नाही?

पहिले कारण मालिकेची भाषा. या हिंदीला दिल्ली-लखनौचा सराव नाही. पात्रे बोलतात ती दक्षिणेच्या हेलात. शब्द हिंदी, पण वाक्याचा उतार-चढाव कानडी. हिंदी मुलखातल्या जाणकाराला तो दोष वाटेल. आमच्या कानाला तो ओळखीचा होता. आम्ही बेळगावची मुले 'काय करायलास?' असे विचारतो आणि पुण्याचे पाहुणे हसतात. आमच्या मराठीत कानडीचा हेल आहे, कोल्हापूरचा रांगडेपणा आहे, कोकणी शब्दही अधूनमधून डोकावतात. 'शुद्ध बोला' हे ऐकत वाढलेल्या पोरांना, पडद्यावरची माणसे अशा मिश्र बोलीत बोलतात आणि तरी सारा देश त्यांना ऐकतो, याचे केवढे अप्रूप! नागांनी ती भाषा घासूनपुसून चकचकीत केली नाही, हा मी त्यांचा कलात्मक निर्णय समजतो. मालगुडीचा माणूस लखनवी हिंदीत बोलला असता, तर तो माणूस मालगुडीचा राहिला नसता.

दुसरे कारण भूमी. चित्रीकरण झाले शिमोगा जिल्ह्यातल्या आगुंबे गावी. नारायणांच्या पुस्तकात मालगुडी हे सरयू नदीच्या काठचे गाव; तिथे ऊन आणि धूळ अधिक. आगुंबे म्हणजे दक्षिणेची चेरापुंजी. उतरती कौले, लाकडी खांबांच्या पडव्या, ओल धरलेल्या भिंती, मागे सह्याद्रीची गर्द झाडी. ग्रंथनिष्ठ समीक्षक म्हणेल, की हे मालगुडी नव्हे. पण खानापूर, जांबोटी, चंदगड ज्याने पाहिले आहे त्याला विचारा! मुंबईच्या मालिकांत दिवाणखाने दिसत आणि दिल्लीच्या मालिकांत हवेल्या. आमच्या मामाच्या घराची पडवी आम्ही पडद्यावर पाहिली ती मालगुडीतच. कलादिग्दर्शक जॉन देवराज यांनी गावात गाव उभे केले, तेही असे बेमालूम, की कुठली भिंत खरी आणि कुठली उभी केलेली, हे शोधू जाणाऱ्याची फजिती व्हावी.

तिसरे आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे स्वामी. आमच्या पिढीच्या मराठी मुलाला घरात एक आदर्श मुलगा आयता मिळत असे, तो साने गुरुजींचा श्याम. श्याम चुकतो, पण प्रत्येक चुकीच्या अंती आईचा संस्कार उभा असतो, आणि वाचणारे मूल डोळे पुसत आपण सुधारले पाहिजे असे ठरवते. स्वामीच्या चुकीच्या अंती काहीच उभे नसते. तो शाळेला घाबरतो, थापा मारतो, मित्रांत मोठेपणा मिरवतो, मुख्याध्यापकांची छडी हिसकावतो आणि पळून जातो. त्याचे कौतुक होत नाही आणि त्याला धडाही शिकवला जात नाही. श्यामवर माझी भक्ती आहे. पण खेळायला हाक मारावी, तर ती स्वामीला. मास्टर मंजुनाथने ही भूमिका ज्या निर्व्याज भावाने केली, तिला अभिनय म्हणावे की काय, असा प्रश्न पडतो. भय, लबाडी आणि लाड या तिन्ही गोष्टी त्याच्या चेहऱ्यावर एकाच वेळी नांदतात.

त्याच्या समोर वडिलांच्या भूमिकेत गिरीश कार्नाड. सुटीच्या दिवशी वडील स्वामीला गणिताला बसवतात. हिशेब आंब्यांचा असतो : अमुक आंबे, अमुक किंमत, तर इतक्या आंब्यांचे किती? स्वामीला प्रश्न पडतो तो निराळाच, आंबे पिकलेले होते की कच्चे? हा नुसता विनोद नाही. वडिलांचे जग संख्येचे आणि मुलाचे जग चवीचे, अशी दोन जगे एका मेजाच्या दोन बाजूंना बसली आहेत. कार्नाडांनी या बापाला खलनायक केलेले नाही. चिडचिडीच्या आत कुठेतरी हसू दाबून ठेवलेले दिसते. याच कार्नाडांना आपण 'उंबरठा'मध्ये स्मिता पाटीलच्या पतीच्या भूमिकेत पाहिले. शंकर नागही मराठीला परके नव्हते. चापेकर बंधूंवरच्या '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटाच्या पटकथालेखनात त्यांचा हात होता. राजकारण ज्या वेळी भिंती बांधत होते, त्या वेळी कलावंत मागच्या दाराने एकमेकांकडे ये-जा करत होते, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

बालपणी मला मालिका म्हणजे स्वामी एवढेच ठाऊक होते. वय वाढले तशा इतर कथा उलगडत गेल्या. 'लीलाज फ्रेंड'मधला सिद्दा हा घरगडी लहानग्या लीलाचा जीव की प्राण. तिची सोनसाखळी हरवते, संशय त्याच्यावर जातो, पोलीस त्याला धरतात. पुढे साखळी घरातच, चिंचेच्या भांड्यात सापडते. आणि बाप काय म्हणतो? असल्या गुन्हेगाराला घरात ठेवणे शक्यच नव्हते! आठव्या वर्षी मला वाटले, साखळी सापडली, गोष्ट संपली. तिशीत तीच कथा पाहिली तेव्हा अंगावर काटा आला. चांगल्या घरातली चांगली माणसे एका गरिबाचा निकाल लावतात आणि जेवायला बसतात. ज्यांच्याकडे शब्द असतात, त्यांच्या बाजूने निकाल लागतो. भाषेवरून माणसाची पत ठरते अशा गावात वाढलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

'द मिसिंग मेल'मधला टपालवाला तनप्पा याच्या उलट टोकाचा. मुलीच्या लग्नाचा मुहूर्त टळू नये म्हणून तो नातलगाच्या मृत्यूची वार्ता दडवून ठेवतो आणि लग्न पार पडल्यावर स्वतःच ती हाती देतो. कायद्याने हा गुन्हा आहे, नोकरी जाण्याजोगा. घरमालक तक्रार करत नाही. नियम आणि माया यांच्यातला हा तंटा नारायण निकालात काढत नाहीत आणि नागही काढत नाहीत. प्रेक्षकाला तसाच सोडून देण्याचा हा संयम नंतरच्या मालिकांत दुर्मिळ झाला.

प्रेम आहे म्हणून दोष झाकावेत, असे नाही. नारायणांच्या इंग्रजी निवेदनात एक सूक्ष्म तिरकसपणा आहे. तो पडद्यावर निसटतो आणि त्याची जागा पुष्कळदा गोड संगीत घेते. मालगुडीत गरिबी दिसते, पण जात क्वचितच बोलते. मराठीत 'बलुतं' १९७८ सालीच आलेले होते. त्या पुस्तकाच्या वाचकाला मालगुडीच्या वेशीबाहेर कोण राहते, हा प्रश्न पडल्यावाचून राहणार नाही. स्त्रिया बहुतांशी माजघरातून डोकावतात. ३० सप्टेंबर १९९० रोजी दावणगेरेजवळ मोटार अपघातात नाग गेले, तेव्हा ते अवघे पस्तीस वर्षांचे होते. पुढे २००६ साली कविता लंकेश यांनी आणखी पंधरा भाग केले. ते नेटके आहेत, पण पहिल्या एकोणचाळीस भागांतली ओल त्यांत मला सापडली नाही.

राहतो तो आपल्या घरचा प्रश्न. आमच्या सीमाभागाचे मालगुडी मराठीने उभे केले काय? केले, आणि पुस्तकात केले. इंदिरा संतांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत यांचा लंपन हा स्वामीचा सख्खा मित्र शोभावा. १९९४ सालच्या 'वनवास'पासून लंपनच्या कथांत बेळगावकडचा परिसर, आजी-आजोबांचे घर आणि मराठीत मुरलेले कानडी शब्द कसलीही लाज न बाळगता नांदतात. २०२४ साली त्यावर मराठी मालिकाही आली. म्हणजे नागांनी आमच्यासमोर ठेवलेले काम मराठीत व्हायला अडतीस वर्षे लागली! एवढ्या अवधीत सीमाभागातली तीन-चार तरी गावे, त्यांच्या बोलीसकट, पडद्यावर यायला हवी होती. निपाणीच्या तंबाखूच्या वखारी, कारवारचे मासळीबाजार, बिदर-भालकीची त्रिभाषी घरे यांच्या कथा लिहिणारे लेखक याच अंकाच्या पानांवर भेटतात. त्यांच्या बोलीवर शुद्धतेचा रंधा न फिरवता ती पडद्यावर नेणारा दिग्दर्शक मात्र अजून भेटायचा आहे.

आगुंब्यातले ते जुने घर पाहायला आजही माणसे जातात. शिमोगा-ताळगुप्पा मार्गावरच्या अरसाळू स्थानकात रेल्वेने मालगुडीचे संग्रहालय केले आहे. मला संग्रहालयापेक्षा घरातले उदाहरण मोलाचे वाटते. माझी मुलगी शाळेत कन्नड आणि इंग्रजी, घरात मराठी आणि गल्लीत तिन्ही बोलते. तिने मालिका पाहिली आणि विचारले, "बाबा, स्वामी मराठी की कन्नड?" मी म्हटले, "तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "आपल्यातला." मालिकेवर मी इथे जे काही लिहिले, त्याचा सारांश तिने एका शब्दात सांगितला आणि पुढचा भाग लावला.