मेंदूकडून शिकायचं अजून बरंच राहिलंय

चिखलदऱ्याहून सेमाडोहकडे उतरताना दोन्ही अंगांना मेळघाटचं सागवानी जंगल लागतं. 1973 साली व्याघ्र प्रकल्पासाठी निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांपैकी हे एक. पूर्वी इथले वाघ पाऊलखुणांवरून मोजत, आता झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांवरून मोजतात. 2018च्या देशव्यापी गणनेत अशा कॅमेऱ्यांनी 3 कोटी 48 लाखांवर छायाचित्रं टिपली आणि त्यांत वाघांची होती 76,651. हा ढीग प्रजातीनुसार लावायला ‘कॅटरॅट’ ही न्यूरल नेटवर्कवर, म्हणजे कृत्रिम चेतापेशींच्या जाळ्यावर, चालणारी प्रणाली वापरली गेली. मेंदूच्या धर्तीवर यंत्र घडवण्याची कला कुठवर आली, हे तिच्यावरून नीट कळतं.

या कलेचं मूळ मांजरात आहे. ह्युबेल आणि विझेल या मेंदूशास्त्रज्ञांनी 1959 साली दाखवलं, की मांजराच्या दृष्टिकेंद्रातल्या एकेक पेशीला ठरावीक कलाचीच रेष दिसली की चेतना येते. जपानच्या फुकुशिमांनी 1980 साली त्याच रचनेवरून थरांचं जाळं बांधलं. आजची चित्रं ओळखणारी बहुतेक जाळी याच घराण्यातली.

उसनवारी मात्र तिथेच थांबली. हे जाळं शिकतं ते झालेली चूक उलट्या दिशेने थराथरांतून मागे पाठवून. मेंदूत असं घडत असण्याची शक्यता फार कमी, असं फ्रान्सिस क्रिक यांनी 1989 मध्येच बजावलं होतं. शिवाय जाळ्याला नावं लावलेली हजारो छायाचित्रं लागतात. मेळघाटातल्या कोरकू आदिवासी पोराला पिंगळा ओळखायला दोन-चार वेळा दिसला तरी पुरतो.

याचा फटका दुर्मीळ प्राण्यांना बसतो. रानपिंगळा हे छोटं घुबड 1884 नंतर थेट 1997 साली शहाद्याजवळ पुन्हा सापडलं. मेळघाटातही ते आहे. ज्याची छायाचित्रंच थोडी, त्याच्या बाबतीत यंत्र सर्वांत कच्चं राहतं, आणि जपायचा असतो नेमका तोच.

एकेक वाघ वेगळा ओळखायला मात्र मेंदूची नक्कल वापरलेली नाही. पट्टे त्रिमितीय देहाकृतीवर बसवून जुळवणारी भूमितीची पद्धत वेगळीच आहे, आणि अखेरची खात्री माणसाच्या डोळ्यानेच होते. यंत्र आणि माणूस यांच्यातली ही विभागणी प्रामाणिक आहे.

मेंदूकडून आणखी शिकण्याची खरी आशा विजेच्या हिशोबात आहे. माणसाचा मेंदू साधारण 20 वॅटवर चालतो, कारण त्यातल्या पेशी गरजेपुरत्याच स्पंदतात. आयआयटी मुंबईतून शिकून गेलेल्या धर्मेंद्र मोधा यांच्या चमूने आयबीएममध्ये 2014 साली ‘ट्रूनॉर्थ’ चिप केली. तिच्यात 10 लाख कृत्रिम चेतापेशी असून ती सुमारे 70 मिलिवॅटवर चालते. आयआयटी मुंबईतच उदयन गांगुली यांचा गट अत्यल्प विजेवर स्पंदणाऱ्या चेतापेशी सिलिकॉनमध्ये घडवतो आहे. वीज न पोहोचलेल्या रानात बॅटरीवर चालणाऱ्या कॅमेऱ्याला हवी ती हीच काटकसर.

आयआयटीत घडणाऱ्या या चेतापेशींची चिप प्रयोगशाळेपुरती राहू नये. वनखात्याने आणि आयआयटीने ती एक पावसाळाभर मेळघाटात चालवून पाहावी, आणि तिला शिकवण्यासाठी छायाचित्रांना नावं लावायचं काम इथल्या कोरकू वनमजुरांना रीतसर मोबदला देऊन सोपवावं.