स्टुडिओबाहेरची भाकरी

लग्नाच्या ऑर्डरी, पासपोर्ट फोटो आणि शाळेचे ग्रूप फोटो ही छायाचित्रकाराची ठरलेली मिळकत. मोबाइलने तिच्यावर घाला घातल्यापासून ‘या धंद्यात आता पोट भरत नाही’ असं सर्रास ऐकू येतं. हा निष्कर्ष उतावळा आहे. आपल्याकडे ही कला आडवाटेच्या कामांवरही पोसली गेली आणि तिची नजर तिथेच तयार झाली. लाला दीनदयाळ रुरकीला अभियांत्रिकी शिकून इंदूरच्या बांधकाम खात्यात लागले. कॅमेरा हाती आला तो त्या नोकरीत. दादासाहेब फाळके यांचा गोध्र्याचा स्टुडिओ टिकला नाही. पुढे त्यांनी पुरातत्त्व खात्यात काम केलं, मग लोणावळ्याला छपाईत शिरले. 1912 मध्ये कुंडीतलं वाटाण्याचं रोप वाढताना त्यांनी एकेक चौकट टिपली. तो चित्रतुकडा पाहून चित्रपटासाठी कर्ज मिळालं आणि पुढच्याच वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला.

आजचं उदाहरण गावठाणाच्या मोजणीचं. 2020 मध्ये स्वामित्व योजना सुरू झाली आणि ड्रोनने घरांच्या हद्दी मोजल्या जाऊ लागल्या. उड्डाणाआधी हद्दीवर चुन्याची फक्की मारतात, कारण वरून छप्पर दिसतं, भिंत दिसत नाही, आणि वळचण तर भिंतीच्याही बाहेर आलेली असते. मग एकावर एक चढणारी शेकडो छायाचित्रं जुळवून मापात बसणारा नकाशा करायचा. हे काम सरकारी. पण दगडखाणीतला ढीग किती घनमीटर भरतो, बांधकाम कुठवर आलं, हे सांगायला खासगी बाजारातही हेच कौशल्य लागतं. झिजलेल्या शिलालेखाचं चित्रणही याच जातीचं. समोरून प्रकाश टाकला तर दगड सपाट दिसतो. दिवा बाजूला, जवळजवळ दगडाला टेकवून धरला की अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि मजकूर वर येतो.

यात कला कुठे आहे, असा आक्षेप येईल आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. मोजणीच्या चित्रात छायाचित्रकाराचं मन उमटत नाही, हे खरं. पण प्रकाश कुठून यावा आणि चौकटीत काय असावं हे ठरवणं हाच या कलेचा कणा आहे, आणि इथे त्याची कसोटी उलट जास्त कडक. लग्नातला फोटो थोडा हुकला तरी तो आठवण म्हणून चालतो. हद्दीचा हुकला तर भावाभावांत वाद लागतो. आपली समीक्षा मात्र प्रदर्शनातल्या भिंतीपलीकडे जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दीनदयाळांची वास्तुचित्रं आज आपण कला म्हणून पाहतो. आजच्या शिलालेख-चित्रकाराची दखल कोण घेतं?

उद्या यंत्रच हे सगळं करेल, हा दुसरा आक्षेप. जुळवणी यंत्र आजही करतं. पण चित्र कुणी, कुठे, कधी घेतलं याची जबाबदारी माणसालाच घ्यावी लागते, आणि गिऱ्हाईक पैसे मोजतं ते त्या जबाबदारीचे. मला खरी अडचण दिसते ती कायद्यात. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणाराच ठरतो. म्हणजे खाणीचं किंवा शिलालेखाचं चित्र पुढे पुस्तकात, जाहिरातीत कितीदाही छापलं गेलं, तरी काढणाऱ्याच्या हाती पहिल्या दिवसाची मजुरीच राहते. आडवाटेची कामं बहुधा तोंडी ठरतात, त्यामुळे हा फटका तिथे सर्वांत जोरात बसतो. मूळ फाइल कुणाकडे राहील, चित्र कशासाठी वापरलं जाईल आणि खाली कुणाचं नाव येईल, या तीन गोष्टी कोटेशनच्या कागदावरच लिहून घेण्याची पद्धत छायाचित्रकारांच्या संघटनांनी आपल्या सभासदांत आता रुजवायला हवी.